हेल्मेट नाक्यापुरतंच का? पुण्याला रोज ये-जा करणाऱ्यांनी आधी डोक्याचं माप घ्यावं

पुणे : सकाळी सात-साडेसातला हडपसर, वाघोली, कात्रज किंवा चांदणी चौकाच्या थोडं अलीकडे थांबून पाहिलं तर एक दृश्य हमखास दिसतं. गावाकडून आलेली दुचाकी कडेला घेतली जाते, कोपरात किंवा आरशाला अडकवलेलं हेल्मेट डोक्यावर चढतं आणि मग गाडी शहरात शिरते. संध्याकाळी परत निघाल्यावर याच्या उलट. पोलिसांचा चौक मागे पडला की हेल्मेट उतरतं. म्हणजे शहरात गर्दीमुळे गाडी वीस-तीसच्या वर जात नाही तिथे डोकं झाकलेलं, आणि सोलापूर रस्ता, नगर रस्ता, सातारा रस्ता अशा ठिकाणी, जिथे कंटेनर अंगावरून गेल्यासारखा शेजारून जातो, तिथे डोकं उघडं.

असं का, हे विचारलं तर उत्तरं ठरलेली आहेत. मान दुखते. घाम येतो. केस गळतात. हॉर्न ऐकू येत नाही. चष्म्याची काडी टोचते. ही सगळी कारणं खोटी आहेत, लोक बहाणे करतात, असं म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण रोज तीस-चाळीस किलोमीटर जाणाऱ्याला त्रास होतो हे खरं आहे. प्रश्न एवढाच, की हा त्रास हेल्मेटचा आहे की मापात न बसणाऱ्या हेल्मेटचा?

बैलाच्या खांद्यावर जू नीट बसलं नाही तर खांदा सुजतो. तेव्हा कुणी औत सोडून देत नाही. जू तासून घेतात किंवा बदलतात. हेल्मेटच्या बाबतीत मात्र आपण उलटं करतो. न बसणारं घेतो, त्रास झाला की काढून ठेवतो आणि दोष हेल्मेटला देतो.

पुण्यातला वाद सक्तीवर अडकला

हेल्मेटवरून पुण्यात जेवढा वाद झाला तेवढा राज्यात दुसरीकडे क्वचितच झाला असेल. २०१६ मध्ये तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' अशी घोषणा केली. तिला पंपचालकांपासून सगळीकडून विरोध झाला. त्यानंतर १ जानेवारी २०१९ पासून तत्कालीन पोलीस आयुक्त के. व्यंकटेशम यांच्या काळात शहरात जोरात कारवाई सुरू झाली. विरोधात कृती समिती उभी राहिली, मोर्चे निघाले, लोकप्रतिनिधींनीही आवाज उठवला. पुढे चौकाचौकांतली कारवाई सैल पडली. २०२२ मध्ये जिल्हा प्रशासनाने सरकारी कर्मचाऱ्यांना दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं केलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या वरिष्ठ कार्यालयाने चालक आणि मागे बसणारा अशा दोघांवरही कारवाई करून वेगळी नोंद ठेवण्याच्या सूचना दिल्या.

इतक्या वर्षांत बाजू दोनच राहिल्या. एक म्हणते घाला नाहीतर दंड भरा, दुसरी म्हणते सक्ती नको. पण कोणतं हेल्मेट घालायचं, ते कसं निवडायचं, कुणाच्या डोक्याला कोणतं बसतं, यावर फार कमी बोललं गेलं. परिणाम असा झाला की हेल्मेट ही पोलिसांना दाखवायची वस्तू झाली. दाखवायचीच वस्तू असेल तर माणूस स्वस्तातली घेणार, माप पाहणार नाही, आणि नाका गेला की काढणार. त्यात नवल काही नाही.

कायदा आणि आकडे काय सांगतात

मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ पाहिलं तर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, चालवणारा असो की मागे बसलेला, हेल्मेट बंधनकारक आहे. पगडी घातलेल्या शीख व्यक्तींना सूट आहे. हेल्मेट भारतीय मानकाचं हवं आणि पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेलं हवं. नुसतं डोक्यावर ठेवलेलं चालत नाही. केंद्राच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार कलम १९४ ड मध्ये एक हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र ठरण्याची तरतूद आहे.

पण दंडापेक्षा पुढचे आकडे महत्त्वाचे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यांतली ७४ हजार ८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट घातलेलं नव्हतं असे मृत ५० हजार २९. त्यांत ३५ हजार ६९२ चालक आणि १४ हजार ३३७ मागे बसलेले. त्याच वर्षी एकूण मृत्यूंपैकी साधारण ६८ टक्के ग्रामीण भागातल्या रस्त्यांवर झाले.

हा शेवटचा आकडा नाक्यावर हेल्मेट काढणाऱ्याने दोनदा वाचावा. जीव जास्त करून शहराच्या बाहेर जातात. चौकात पोलीस असतो म्हणून आपण तिथे घालतो, पण पोलीस नसलेल्या रस्त्यावरच त्याची गरज जास्त आहे. जगभरातले अभ्यास एकत्र करून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्के कमी होतो असं दिसलं. अर्थात हेल्मेट डोक्यावर असेल तर. आरशाला लटकवलेल्याचा उपयोग शून्य.

रस्त्याकडेचं दोन-तीनशेचं हेल्मेट

शहराच्या वेशीवर, उड्डाणपुलाखाली, दोरीला ओळीने हेल्मेट टांगलेली असतात. दोन-तीनशे रुपयांत मिळतात. घेणाऱ्याचा हिशेब साधा असतो, दंडापेक्षा हे स्वस्त.

हेल्मेटचं काम करणारी खरी वस्तू आतला जाड थर्माकोलसारखा थर असते. बाहेरचं टणक कवच टोकदार दगड, रस्ता, लोखंड यांना अडवतं आणि धक्का पसरवतं. आतला थर दबतो आणि तो धक्का स्वतःत घेतो, म्हणून मेंदूपर्यंत कमी पोचतो. टोमॅटोच्या क्रेटमध्ये तळाला कागद-पेंढा का घालतात, तसंच हे. स्वस्तातल्या नकली हेल्मेटात हा थर पातळ असतो किंवा नुसता स्पंज असतो. बोटाने दाबला की खाली प्लॅस्टिक लागतं. असलं हेल्मेट गरम होतं, हलतं, टोचतं आणि पडल्यावर फुटतं. म्हणजे त्रास पूर्ण आणि संरक्षण नाही.

१ जून २०२१ पासून केंद्राचा गुणवत्ता आदेश लागू आहे. त्यानुसार आयएसआय खूण नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवणं, साठवणं, विकणं बेकायदा आहे. तरी ते विकलं जातं. चौकात उभं राहून डोकी तपासणारी यंत्रणा या दोरीवरच्या मालाकडे तेवढ्याच नजरेने पाहत नाही, ही या धोरणातली मोठी फट आहे. घेणारा फसतो, दंडही तोच भरतो.

खूण खरी की खोटी हे मोबाइलवर पाहता येतं. हेल्मेटवर आयएसआय चिन्ह, त्याच्यावर आयएस ४१५१ आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा क्रमांक असतो. भारतीय मानक ब्यूरोचं 'बीआयएस केअर' नावाचं ॲप आहे. त्यात लायसन्स तपासायच्या जागी तो क्रमांक टाकला की कंपनीचं नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे का हे दिसतं. हेल्मेटवर एक नाव आणि ॲपमध्ये दुसरंच आलं, तर ते दुकानातच ठेवून यावं.

माप कसं घ्यायचं

घरात शिवणकामाची टेप असते. भुवयांच्या वर साधारण दोन बोटं, कानांच्या वरून, मागे डोक्याचा जिथे जास्त फुगवटा आहे तिथून टेप फिरवायची. आलेला आकडा सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवायचा. तेवीस इंच आलं तर साधारण ५८ सेंटिमीटर. हेल्मेटवर तेच ५८० मिलिमीटर असं लिहिलेलं असतं. नुसतं एम किंवा एल वर जाऊ नये, कारण एका कंपनीचा एम तो दुसऱ्या कंपनीचा एल असू शकतो. आकडा पाहून घ्यावं.

दुकानात गेल्यावर पुढच्या गोष्टी कराव्यात. दुकानदार घाई करेल, करू द्यावी.

पहिली, घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. कपाळाजवळ बोट सहज आत जात असेल तर ते मोठं आहे. हेल्मेट धरून डावी-उजवीकडे हलवलं की कपाळाची कातडीही बरोबर हलली पाहिजे. हेल्मेट फिरतंय आणि डोकं जागेवर, असं झालं तर एक माप कमी करावं.

दुसरी, पट्टा लावून मागच्या काठाला हात घालून हेल्मेट पुढे ढकलून पाहावं. डोक्यावरून निसटत असेल तर ते अपघातात आधी उडणार. पट्टा आणि हनुवटी यांच्यात एक-दोन बोटं जातील इतकाच सैल असावा.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, दहा-पंधरा मिनिटं ते घालूनच दुकानात थांबावं. मग काढून आरशात कपाळ पाहावं. एकाच जागी लाल वण उठला असेल तर डोक्याचा आकार आणि त्या हेल्मेटचा आकार जुळत नाही. कुणाचं डोकं गोल, कुणाचं लांबट असतं. माप बरोबर असूनही दुखतं ते यामुळे. तिथे मोठं माप घेऊ नये, दुसरं मॉडेल पाहावं. सगळीकडून सारखं दाबत असेल तर हरकत नाही. आतली गादी थोड्या दिवसांत बसते. सैल हेल्मेट मात्र कधीच घट्ट होत नाही.

चौथी, रोज जसं जायचं तसंच घालून पाहावं. चष्मा असेल तर चष्म्यासकट. तोंडाला स्कार्फ बांधायची सवय असेल तर स्कार्फ बांधूनच. जाड स्कार्फवर मापाचं हेल्मेट बसत नाही आणि मग पट्टा उघडा राहतो. पातळ सुती कापड बरं. अंबाडा घातला तर हेल्मेट वर उचललं जातं, म्हणून मानेजवळ सैल वेणी घालावी. ज्येष्ठांनी टोपी किंवा फेटा काढून माप घ्यावं. टोपीवर हेल्मेट घालून घेतलेलं माप चुकतं.

मान, घाम, केस आणि आवाज

मान दुखते याचं एक कारण वजन, पण दुसरं त्याहून मोठं कारण म्हणजे सैलपणा. सैल हेल्मेट वाऱ्यात मागे ओढलं जातं आणि मान ते सतत सावरत राहते. दिवेघाट उतरून सासवडहून हडपसरला रोज येणाऱ्याला हा फरक आठवड्यात कळेल. दोन-तीन हेल्मेट हातात घेऊन वजन जोखावं आणि मापात बसणारं हलकं घ्यावं. मणक्याचा त्रास आधीपासून असेल तर डॉक्टरांना विचारून हलकं निवडावं. समोरचा भाग वर उचलता येणारी हेल्मेट सोयीची वाटतात, पण ती बहुधा जड असतात, आणि चालवताना तो भाग बंदच हवा.

घामाला उपाय म्हणजे पुढे हवा आत घेणारी आणि मागे बाहेर सोडणारी भोकं असलेलं हेल्मेट. दुकानात ती उघडी आहेत की नुसती शोभेची, हे आत बोट घालून पाहावं. आतून पातळ सुती रुमाल किंवा टोपडं घालावं आणि ते रोज धुवावं. केस गळण्याचा दोष हेल्मेटला देण्याआधी आतलं अस्तर शेवटचं कधी धुतलं हे आठवावं. घाम, धूळ आणि कोंडा तिथेच साचतो. अस्तर काढता येणारं असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवता येतं. पावसाळ्यात ओलं हेल्मेट डिकीत कोंबलं की वास येणारच.

आवाजाबद्दल बोलायचं तर हेल्मेटमध्ये हॉर्न थोडा कमी वाटतो, पण वाऱ्याचा घोंघावही कमी होतो. अमेरिकेत १९९० च्या दशकात झालेल्या एका अभ्यासात, हेल्मेटमुळे ऐकण्यात अडचण येत नाही आणि बाजूचं पाहण्यासाठी चालक मान थोडी जास्त वळवतो एवढाच फरक दिसला. खरी अडचण हेल्मेट आणि गाल यांच्यात खोचलेला मोबाइल करतो. त्याने लक्ष जातं, हेल्मेट एका बाजूला उचलतं आणि पडल्यावर तोच मोबाइल गालात घुसतो.

काचेकडेही पाहावं. काळी काच उन्हात बरी वाटते, पण दिवस मावळल्यावर घातक आहे. ऊस तोडणीच्या दिवसांत यवत, शिक्रापूर, दौंडकडच्या रस्त्यांवर मागे लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या असतात. काळ्या काचेतून त्या दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. येण्या-जाण्यात अंधार लागत असेल तर पारदर्शक काचच घ्यावी आणि तिच्यावर चरे पडले की बदलावी. काच वेगळी विकत मिळते. थंडीत वाफ धरली तर काच थोडी वर करावी.

अर्ध्या टोपीसारखं हेल्मेट हवेशीर असतं, पण तोंडावर पडल्यावर जबडा आणि दात उघडे राहतात. महामार्गाने येणाऱ्याने तोंडासकट झाकणारं पूर्ण हेल्मेटच घ्यावं.

मागे बसलेल्याचं डोकं

बहुतेक घरांत गाडी एक आणि हेल्मेटही एकच असतं. तेच बाप घालतो, तेच मुलगा कॉलेजला नेतो. एकाला घट्ट, दुसऱ्याला सैल. दवाखान्यात, बाजारात, लग्नाला जाताना बायको किंवा आई मागे एका बाजूला बसते, तिच्या डोक्यावर पदराशिवाय काही नसतं. वर दिलेले १४ हजार ३३७ हे असेच मागे बसलेले लोक आहेत. गाडीच्या कर्जाचा हप्ता दर महिन्याला भरणाऱ्या घराला दुसरं हेल्मेट परवडत नाही असं म्हणता येणार नाही. ते आपल्या हिशेबातच नसतं, एवढंच.

लहान मुलांसाठीही नियम आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने काढलेल्या आणि वर्षभराने लागू झालेल्या नियमानुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला मापाचं हेल्मेट आणि चालकाला बांधून ठेवणारा पट्टा हवा, आणि वेग चाळीसच्या वर नको. मोठ्या माणसाचं हेल्मेट मुलाच्या डोक्यावर ठेवणं म्हणजे त्याच्या मानेवर ओझं टाकणं. लहान मापाची हेल्मेट वेगळी मिळतात.

वापर आणि सांभाळ

हेल्मेट एकदा जोरात आपटलं की बदलावं, मग बाहेरून धड दिसलं तरी. आतला थर एकदा दबला की परत फुगत नाही. याच कारणाने आरशावर अडकवायची सवय सोडावी. आरशाच्या टोकाने आतला थर दबत जातो. पेट्रोल किंवा थिनरने पुसू नये, कवच आणि थर दोन्ही खराब होतात. उन्हात, टाकीवर दिवसभर ठेवू नये. रोज वापर असेल तर चार-पाच वर्षांनी नवीन घ्यावं.

शहरात आल्यावर हेल्मेट कुठे ठेवायचं हीसुद्धा खरी अडचण आहे. मंडईत, लक्ष्मी रस्त्यावर ते हातात घेऊन फिरणं जमत नाही आणि गाडीवर ठेवलं तर चोरीला जाण्याची भीती. बऱ्याच गाड्यांना सीटखाली हेल्मेट अडकवायचा हूक असतो, तो वापरला जात नाही. नसेल तर सायकलला लावतात तसं बारीक वायरचं कुलूप हनुवटीच्या भागातून घालून लावता येतं.

शेवटी हिशेब

चांगलं, आयएसआय खुणेचं, मापात बसणारं पूर्ण हेल्मेट साधारण हजार ते दोन हजारांत मिळतं. ते चार वर्षं टिकलं आणि वर्षाला तीनशे दिवस घातलं तर दीड हजाराच्या हेल्मेटचा खर्च दिवसाला सव्वा रुपया पडतो. रस्त्याकडचं तीनशेचं घेऊन ते आरशाला लटकवलं तर तीनशेही वाया आणि दंडाची भीतीही कायम.

प्रशासनाला एवढंच सांगणं आहे की कारवाईची जागा थोडी हलवावी. चौकातल्या डोक्यांबरोबर दोरीवरचा नकली मालही तपासावा, आणि तालुक्याच्या गावांत, आठवडे बाजारात, कंपन्यांच्या गेटवर माप घेऊन हेल्मेट घालून दाखवणारी शिबिरं घ्यावीत. डोळे तपासणीची शिबिरं होतात, तशी हीही होऊ शकतात.

आणि रोज येणाऱ्यांसाठी एकच गोष्ट. आज रात्री टेप काढून घरातल्या प्रत्येकाच्या डोक्याचं माप घ्या आणि मोबाइलमध्ये लिहून ठेवा. पुढच्या वेळी पुण्याला आलात की ते आकडे घेऊन दुकानात जा. नीट बसलेलं हेल्मेट घराच्या अंगणातून घालून निघालं तरी जड वाटत नाही, आणि मग ते नाक्याच्या अलीकडे थांबून घालावं लागत नाही.